बराच काळ उभी असलेली मोटारसायकल आणि तिचा कार्बोरेटर : दोष ओळखण्यापासून आयडलिंग जुळवण्यापर्यंत

कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) मोटारसायकल काही महिने किंवा वर्षभर न चालवता उभी राहिली, की पुन्हा सुरू करताना ती हमखास त्रास देते, आणि हा त्रास बहुतेक वेळा ठरावीक स्वरूपाचा असतो. किक मारून पाय भरून येतो तरी इंजिन दाद देत नाही. सुरू झालेच तर चोक ओढलेला असेपर्यंतच चालते. किंवा पेट्रोल कॉक उघडताच ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळू लागते. अशा वेळी नवखा माणूस दिसेल तो स्क्रू फिरवू लागतो, नाहीतर थेट नवा कार्बोरेटर विकत आणतो. या दोन्हींची गरज क्वचितच पडते. गाडी कोणत्या स्थितीत चालते आणि कोणत्या स्थितीत बंद पडते हे नीट पाहिले, तर बिघाड कार्बोरेटरच्या कोणत्या भागात आहे हे तो उघडण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळते. ज्यांनी आजवर कार्बोरेटर एकदाही उघडलेला नाही, त्यांना समोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

## उभ्या गाडीत नेमके काय होते

कार्बोरेटरच्या तळाशी बाऊल असतो आणि त्यात थोडेसे पेट्रोल नेहमी साठलेले असते. बाऊलला हवेसाठी वाट ठेवलेली असल्यामुळे पेट्रोलमधील हलके, लवकर पेट घेणारे घटक हळूहळू उडून जातात आणि मागे राहतो तो जड, चिकट अंश, जो पुढे सुकून पिवळसर-तपकिरी वार्निशसारखा थर धरतो. पेट्रोल इथेनॉलमिश्रित असेल तर त्यात आणखी एक भर पडते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. बाऊलमध्ये दिसणारी पांढरी भुकटी आणि पितळी भागांवरचा हिरवट थर ही त्याचीच खूण असते.

या थराचा पहिला फटका पायलट जेटला (रेस बंद असताना पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बारीक छिद्राच्या पितळी तुकड्याला) बसतो, कारण कार्बोरेटरमधील सर्वांत बारीक छिद्रांपैकी एक त्याचे असते. काही कंपन्यांच्या जेटवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. म्हणजे ४० हा आकडा असेल तर छिद्र ०.४० मिलिमीटरचे. एवढ्या छिद्रात वार्निशचा पातळ पापुद्रा धरला तरी आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू राहायला, लागणारे पेट्रोल तुटते. पूर्ण रेसला पेट्रोल देणाऱ्या मेन जेटचे छिद्र त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठे असल्यामुळे ते सहसा उशिरा बुजते.

## काय काय हाताशी हवे

- तुमच्याच मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल. फ्लोटची (बाऊलमधील पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) उंची, जेटचे आकडे आणि आयडलिंगचे आरपीएम (मिनिटाला होणारे इंजिनचे फेरे) त्यातूनच घ्यायचे आहेत
- खाचेत घट्ट बसणारे स्क्रू ड्रायव्हर, वेगवेगळ्या रुंदीचे चपटे ड्रायव्हर आणि लहान पाने
- कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, त्याच्या बारीक नळीसह
- हवेचा कॉम्प्रेसर किंवा निदान चांगला दाब देणारा पंप
- बाऊलचे गॅस्केट आणि ओ-रिंगा (सांध्यांतून गळती रोखणाऱ्या पट्ट्या व कड्या), नव्या
- विजेच्या वायरमधील तांब्याची एक बारीक तार
- पारदर्शक नळीचा हातभर तुकडा, काचेची बाटली, ताजे पेट्रोल
- डोळ्यांवर चष्मा, हातात पेट्रोलला टिकणारे मोजे, जवळ अग्निशामक

स्क्रू ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जपानी बनावटीच्या कार्बोरेटरवरचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. ते नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरसारखेच दिसतात, पण फिलिप्सचे टोक त्यांच्यात पूर्ण बसत नाही आणि जोर लावताच वर उसळून खाच खराब करते. वर्षानुवर्षे न उघडलेल्या बाऊलचे स्क्रू आधीच जाम झालेले असतात, म्हणून जेआयएस ड्रायव्हर मिळवण्याचा खटाटोप करावाच.

सारे काम उघड्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते.

## १. कार्बोरेटरबाहेरचे दोष आधी वगळा

कार्बोरेटर निर्दोष असूनही तो उतरवला जातो, असे वारंवार घडते. म्हणून सुरुवात टाकीपासून करा. झाकण उघडून वास घ्या. शिळ्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो, आणि तो एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चुकत नाही. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे, आणि गंजाचे कण दिसले तर टाकी साफ होईपर्यंत पुढचे सगळे श्रम वाया जातील. जुने पेट्रोल पूर्ण काढून टाका. त्यात ताजे पेट्रोल मिसळून काम भागवण्याचा मोह टाळावा.

नंतर कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार एकसारखी पडली पाहिजे. सुरुवातीला चांगली पडून हळूहळू बारीक होत गेली तर टाकीचे झाकण उघडून पाहा; झाकण उघडताच धार वाढली तर दोष झाकणातील हवेच्या छिद्राचा आहे. काही गाड्यांत कॉक इंजिनच्या व्हॅक्यूमवर (चालू इंजिनच्या हवा ओढण्यावर) उघडतो, त्यामुळे इंजिन बंद असताना तिथे पेट्रोल न येणे स्वाभाविक आहे. अशा कॉकवर ‘प्राइम’ ही, व्हॅक्यूमशिवाय पेट्रोल सोडणारी, जागा असेल तर चाचणी तिथे ठेवून घ्या.

प्लग काढून, त्याची टोपी तशीच लावून आणि प्लगचा धातू इंजिनच्या धातूला टेकवून किक मारली की ठिणगी दिसते. मात्र हे करताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेले नसावे आणि प्लग त्याच्या मोकळ्या छिद्रापासून दूर धरावा. एअर फिल्टरचा डबाही उघडा. उभ्या गाडीच्या या डब्यात उंदरांनी घरटे केलेले आढळते, आणि स्पंजचा फिल्टर जुना असेल तर हाताळताच त्याचा चुरा होतो.

शेवटी इंजिन ऑइलची पातळी पाहा. पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोट नीडल (बाऊल भरताच फ्लोट वर आल्याने पेट्रोलची वाट बंद करणारी छोटी झडप) नीट न बसल्यामुळे पेट्रोल सिलेंडरमधून खाली उतरलेले आहे. अशा स्थितीत किक किंवा सेल्फ मुळीच मारू नका. सिलेंडरमध्ये द्रव भरलेला असताना पिस्टन वर रेटला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढा, छिद्रावर कापड धरून इंजिन हळू फिरवा, ऑइल बदला आणि मग थेट सातव्या पायरीतील फ्लोटच्या तपासणीकडे वळा.

## २. लक्षणांवरून जागा ठरवा

गाडी कशीबशी का होईना सुरू होत असेल, तर ती तुम्हाला बरीच माहिती देत असते. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची वाट) बंद किंवा किंचित उघडा असताना पेट्रोल पायलट जेटमधून येते, मधल्या टप्प्यात स्लाइडमधील (हवेच्या वाटेत वर-खाली होणाऱ्या भागातील) लांब सुई त्याचे प्रमाण ठरवते, आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मेन जेटचे राज्य असते.

गाडी फक्त चोकवर चालत असेल आणि चोक बंद करताच बंद पडत असेल, तर पायलट जेट किंवा त्याचा मार्ग बुजलेला आहे असे धरून चाला. चोक ओढल्यावर गाडीच्या रचनेनुसार एकतर हवा अडते किंवा पेट्रोलची वेगळी वाट उघडते. दोन्ही प्रकारांत बुजलेल्या मार्गाची उणीव तात्पुरती भरून निघते आणि गाडी ठीक असल्याचा आभास होतो. आयडलिंग चांगले आहे पण वेग घेताना इंजिन अडखळते, पूर्ण रेसला दम सोडते, असे असेल तर मेन जेट, सुई किंवा अपुरा पेट्रोलपुरवठा पाहा. ओव्हरफ्लोमधून गळती म्हणजे फ्लोट किंवा त्याची नीडल. रेस सोडल्यावरही आरपीएम वरच लटकत राहत असतील आणि सावकाश उतरत असतील, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील रबरी जोड तडकून बाहेरची हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी आहे; ॲक्सिलरेटरची केबल अडकली नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्या.

## ३. उघडण्यापूर्वीचा एक प्रयत्न

बाऊलच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून साठलेले पेट्रोल बाटलीत काढा. ते स्वच्छ आणि पातळ असेल, तर बाऊल दोन-तीन वेळा ताज्या पेट्रोलने भरून रिकामा करा आणि गाडी सुरू करून पाहा. नीडल अडकल्यामुळे गळती होत असेल, तर बाऊलच्या बाजूवर ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने हलके ठोकल्यावर ती कधी कधी सुटते.

काढलेले पेट्रोल चहाच्या रंगाचे असेल, त्यात कण असतील किंवा काहीच बाहेर येत नसेल, तर हा प्रयत्न तिथेच थांबवा. टाकीत ओतायची सफाईची औषधे चालू गाडीतील किरकोळ मळ काढतात. पूर्ण बुजलेल्या छिद्रातून मात्र पेट्रोलच जात नाही, तेव्हा त्यातले औषध तिथे पोहोचणार कसे?

## ४. कार्बोरेटर उतरवणे

प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः नळ्या कुठून कुठे जातात याचे. कॉक बंद करा, पेट्रोलची नळी काढा, बाऊल रिकामा करा, दोन्ही बाजूंचे क्लॅम्प सैल करा आणि कार्बोरेटर डावी-उजवीकडे हलवत बाहेर घ्या. जुना रबरी जोड कडक झालेला असेल तर त्याला हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या, मात्र पेट्रोलचे सगळे भांडे आणि चिंध्या दूर नेऊन वाफ विरल्यावरच. इंजिनकडचे तोंड लगेच स्वच्छ कापडाने बंद करा. तिथे पडलेला एखादा वॉशर काढण्यासाठी पुढे इंजिन उघडावे लागेल.

## ५. सुटे करणे

उघडण्याआधी बाहेरची माती पुसून घ्या. बाऊलचे स्क्रू काढल्यावर तो चिकटलेला असेल तर कडेने हलके ठोका. फटीत ड्रायव्हर घालून उचकटल्यास सांध्याची सपाट बाजू खरवडली जाते आणि गळती कायमची मागे लागते. फ्लोटच्या बिजागरीची पिन काही कार्बोरेटरमध्ये एकाच बाजूने निघते. तिचे खांब ठिसूळ असतात आणि तुटले तर पूर्ण बॉडी बदलावी लागते, म्हणून पिन जाम असेल तर क्लीनर मारून वाट पाहा.

जेट पितळेचे, म्हणजे मऊ असतात. खाचेच्या पूर्ण रुंदीचा ड्रायव्हर वापरा, तो सरळ दाबून धरा आणि एकाच ठाम हिसक्याने जेट सैल करा.

आयडलिंगला हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या मिक्स्चर स्क्रूच्या बाबतीत सर्वांत अधिक काळजी लागते. काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवत न्या आणि टेकेपर्यंत किती फेरे झाले ते, पाव फेऱ्यासकट, लिहून ठेवा. टेकल्यावर जोर लावू नका; त्याचे अणकुचीदार टोक वाकते किंवा बैठकीत तुटून बसते. स्क्रू बाहेर काढताना त्यामागे स्प्रिंग, मग छोटा वॉशर आणि शेवटी ओ-रिंग असा क्रम बहुधा असतो. ओ-रिंग पुष्कळदा आतच चिकटून राहते आणि नवी लावताना जुनी तशीच विसरली जाते. टॉर्च मारून आत पाहा.

स्लाइडला रबरी डायफ्राम (पातळ पडदा) असेल तर तो उजेडासमोर हळूच ताणून सुईच्या टोकाएवढे छिद्र तरी नाही ना, ते पाहा. क्लीनर रबर फुगवतो, म्हणून सफाईपूर्वी डायफ्राम, ओ-रिंगा आणि इतर सर्व रबरी भाग वेगळे काढून ठेवणे आवश्यक आहे. सुईवरची क्लिप कितव्या खाचेत होती हेही लिहून ठेवा.

## ६. सफाई

जेट क्लीनरमध्ये भिजू द्या आणि मग उजेडाकडे धरून त्यातून पाहा. स्वच्छ जेटमधून काठ रेखीव असलेला पूर्ण गोल ठिपका दिसतो. ठिपका अर्धचंद्रासारखा दिसला किंवा त्याच्या काठाला केसासारखे काही दिसले, तर छिद्र अजून साफ नाही, मग त्यातून फुंकर आरपार का जाईना. पायलट जेटच्या अंगावर बहुधा आडवी छिद्रेही असतात. तीही एकेक करून पाहा. हट्टी मळासाठी तांब्याची बारीक तार चालते. पोलादी तार, टाचणी किंवा ड्रिलचे टोक छिद्र मोठे करते, आणि मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही.

जेट साफ झाला की काम संपले असे समजून अनेक जण कार्बोरेटर परत बसवतात आणि गाडी पूर्वीसारखीच चोकवर चालते. कारण जेट ज्या मार्गात बसतो तो बॉडीच्या आतला मार्ग तसाच बुजलेला असतो. म्हणून हा मार्ग खुला झाला असे गृहीत धरू नका, तो खुला असल्याचे डोळ्यांनी पाहा. स्प्रेची नळी पायलट जेटच्या रिकाम्या भोकात घट्ट धरून फवारा मारा. थ्रॉटलजवळ, इंजिनच्या बाजूला, बॉडीच्या आतील भिंतीवर एक ते तीन बारीक छिद्रे असतात; मिक्स्चर स्क्रूच्या भोकातून आणि हवेच्या तोंडाशी असलेल्या छोट्या एअर जेटमधूनही फवारा बाहेर पडायला हवा. यांपैकी जी वाट आधी खुली असेल तिथून सगळा दाब निघून जातो, तेव्हा ती बोटाने बंद करून उरलेल्या वाटांवर दाब आणा. एखाद्या छिद्रातून नुसता ओलावा झिरपत असेल तर ते बुजलेलेच समजा. क्लीनर काही तास मुरू द्या, हवा मारा, पुन्हा तपासा. फवारा कुठल्याही अनपेक्षित छिद्रातून थेट चेहऱ्यावर उडतो, म्हणून या पायरीला चष्म्याशिवाय बसूच नका.

एवढे करूनही मार्ग उघडला नाही तर अल्ट्रासॉनिक (द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी केलेली) सफाई करून घ्यावी. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांत कार्बोरेटर रात्रभर बुडवून ठेवण्याचा सल्ला मात्र मानू नका. जास्त वेळ राहिलेले आम्ल जस्त आणि अॅल्युमिनियमच्या बॉडीला खाते.

## ७. फ्लोट आणि नीडल

फ्लोट कानाजवळ हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटलेला आहे. नीडलच्या टोकाचा उतार नखाने चाचपा. त्यावर गोल खाच पडलेली जाणवली तर नीडल बदलावी लागेल. तिची बैठक क्लीनर लावलेल्या कापसाच्या काडीने फिरवून पुसा.

फ्लोटची उंची मोजताना कार्बोरेटर तिरपा धरा, जेणेकरून फ्लोटची पट्टी नीडलला फक्त टेकेल आणि तिच्या पाठीवरची स्प्रिंगची टाचणी दाबली जाणार नाही. कार्बोरेटर पूर्ण उलटा ठेवून मोजल्यास फ्लोटच्या वजनाने ती टाचणी दबते आणि माप चुकते.

सफाईच्या तयार किटमधील जेटचे आकडे मूळ जेटशी जुळतातच असे नाही. माझे मत असे, की मूळ जेट धड असतील तर साफ करून तेच बसवावेत आणि किटमधून गॅस्केट, ओ-रिंगा व गरजेपुरती नीडल एवढेच घ्यावे.

## ८. जोडणी आणि गळतीची चाचणी

मिक्स्चर स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर बसवा. बाऊल लावल्यावर कार्बोरेटर गाडीवर चढवण्यापूर्वीच पेट्रोल सोडून पाहा, म्हणजे गळती निघाल्यास सगळे पुन्हा उतरवावे लागणार नाही. ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती बाऊलच्या बाजूने उभी धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. नळीतील पातळी म्हणजेच बाऊलमधील पातळी. ती स्थिर राहिली पाहिजे.

पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर नवी घाला. टाकीत थोडाही गंज असेल तर मध्ये फिल्टर बसवा. रबरी जोड पूर्ण बसल्याची खात्री करूनच क्लॅम्प आवळा, आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून ॲक्सिलरेटर स्वतःहून परत येतो का ते पाहा.

## ९. आयडलिंग जुळवणे

इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय या पायरीला हात लावू नका. आयडलिंगचा स्क्रू फिरवून आरपीएम थोडे वर ठेवा. मग मिक्स्चर स्क्रू पाव फेरा फिरवा, काही सेकंद थांबा, इंजिनचा आवाज ऐका, आणि अशा रीतीने आरपीएम सर्वाधिक व स्थिर होतील ती जागा शोधा. त्यानंतर आयडलिंगचा स्क्रू मॅन्युअलमधील आकड्यावर आणा. लहान एकसिलेंडर गाड्यांत तो साधारण १२०० ते १५०० च्या दरम्यान असतो. स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो बहुधा पेट्रोलचे प्रमाण ठरवतो आणि बाहेर फिरवल्यावर मिश्रण दाट होते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढते. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि आत फिरवल्यावर मिश्रण दाट होते.

हीच पायरी तुमच्या सफाईची परीक्षाही घेते. मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनवर काहीच परिणाम होत नसेल, तर पायलटचा मार्ग अजून बुजलेला आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. अशा वेळी आयडलिंगचा स्क्रू चढवून गाडी बळेच चालती ठेवू नका. रबरी जोडाभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलले तर हवा तिथूनच शिरते आहे. बदलले नाहीत तर सहाव्या पायरीवर परत जा. एकाहून अधिक कार्बोरेटर असलेल्या गाडीत याखेरीज व्हॅक्यूम गेज लावून सर्व कार्बोरेटर एकमेकांशी जुळवावे लागतात.

थोडे अंतर चालवून आल्यावर प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी रंग ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट, पांढराफटक प्लग म्हणजे मिश्रण पातळ, आणि पातळ मिश्रणावर गाडी दामटल्यास इंजिन जादा तापते. पहिल्या काही दिवसांत बाऊल एकदा पुन्हा ड्रेन करून पाहा, कारण टाकीतून सुटलेले कण तिथेच येऊन बसतात.

## १०. पुन्हा उभी ठेवायची असल्यास

कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि नंतर ड्रेन स्क्रू उघडून तळाचे उरलेले पेट्रोलही काढा, कारण जेटच्या तोंडाखालचे थोडे पेट्रोल इंजिन ओढून घेऊ शकत नाही. पोलादी टाकी काठोकाठ भरून ठेवली तर आत ओलावा धरायला जागा राहत नाही. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालणार असाल तर तो ताज्या पेट्रोलमध्येच घाला आणि त्यानंतर इंजिन काही मिनिटे चालवा, म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल. बाऊल रिकामा करायचा तो त्यानंतर.